डोक्यासकट

१

संध्याकाळ झाली की रंगाऱ्याचं एकच काम. बायकोचा फोन घ्यायचा, गुडघ्यांना शिव्या घालायच्या आणि मागच्या अंगणात नळापाशी उकिडवं बसून बेडकांचे फोटो काढायचे.

बेडूक म्हणजे ते डबक्यातले हिरवे, गुळगुळीत नव्हेत. हे जमिनीवरचे. जाडे, मातकट, अंगभर पुटकुळ्या, उडी मारायचासुद्धा कंटाळा. रंगाऱ्यानं जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि रिकामे डबे अंगणात उपडे टाकले. त्या डब्यांखाली ह्या मंडळींनी बिऱ्हाडं थाटली.

खरा हा नाद त्याच्या बायकोचा. ती घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. मशीन थांबलं की फोन घेऊन अंगणात. पाठीवरच्या पुटकुळ्यांवरनं एकेकाला ओळखायची, आणि नावं ठेवायची ती सगळी नवऱ्याच्या गणगोताची. नळाखाली ऐसपैस बसून सगळ्यांवर डोळे वटारायची ती वन्सं, म्हणजे रंगाऱ्याची थोरली बहीण. डब्याखालनं नुसतं नाक बाहेर काढून बसायचे ते मामंजी, म्हणजे त्याचे वडील. दिसले दिसले म्हणेपर्यंत गुल व्हायचे ते धाकटे भावजी.

"तुझ्या माहेरचं कुणी नाही ते यात?" रंगारी विचारायचा.

"आमच्याकडची माणसं दिसायला बरी आहेत," ती म्हणायची.

मग रंगाऱ्यानं एकदा काय करावं? चांगला पसाभर दगड घेतला, त्याला मातकट रंग दिला, ब्रशच्या टोकानं पुटकुळ्या काढल्या, सोनेरी डोळे काढले आणि ठेवला डब्याआड. बायको आठवडाभर त्याचे फोटो काढत होती. "नवीन पाहुणा आलाय, फार शांत आहे हो, आपल्याकडचा वाटतच नाही." शेवटी तिनं त्याला बोट लावलं. मग पायातली चप्पल काढून नवऱ्याच्या मागं अंगणभर धावली. धावता धावता दोघंही हसून खाली बसली.

असं ते घर. आणि एका दुपारी शिवता शिवता तिनं मशीनवर मान टाकली, ती टाकलीच. सुई कापडात तशीच रुतलेली. ती सुई रंगाऱ्यानं अजून वर काढलेली नाही.

२

"बाबा, आईचा एक फोटो पाठवा," लेक फोनवर म्हणाली. लेक लांब नोकरीला. "मोठा करून लावायचाय. चेहरा नीट दिसेल असा."

"हात्तिच्या! ढीगभर आहेत."

ढीगभर होतेच. एकातही डोकं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. लग्न नवं होतं तेव्हा रंगाऱ्यानं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि स्वतः रंगवलेल्या भिंतीपाशी बायकोला उभं केलं. फोटो धुऊन आला तर भिंत अगदी झकास, बायको मात्र मानेपर्यंतच. बिचारा ओशाळला. पण ती पोट धरून हसली. "भिंत काय सुंदर आलीये हो!" तिला हसताना बघितलं आणि ह्याला चटक लागली. तेव्हापासून मुद्दाम. ती नटूनथटून उभी राहायची, हा गंभीर तोंड करून "हं, हलू नकोस" म्हणायचा आणि बरोबर गळ्यापाशी कापायचा. कधी डोकं उडवायचा, तर कधी काचेवर बोट धरून नेमकं तोंड झाकायचा.

"अहो कलाकार, एकदा तरी डोक्यासकट काढा की! मी गेल्यावर काय माझ्या मानेकडं बघत बसणार?"

"पुढच्या वेळी, शिंपीणबाई. पुढच्या वेळी नक्की."

लग्नातले फोटो ओल लागून एकमेकांना चिकटले, सोडवताना तोंडं सोलून निघाली. ओळखपत्रावर एक होता, पण त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसायची, स्वतःच लपवून ठेवायची, ते आता सापडेना. लेकीकडं असतील म्हणावं, तर लेकीचा प्रत्येक फोटो आईनंच समोर उभं राहून काढलेला.

हे लेकीला कसं सांगायचं? "शोधतो," एवढंच तो म्हणाला.

आणि एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. त्याच्या मनातलाही चेहरा पुसट होत चालला होता. आवाज आठवायचा. मशीनच्या तेलाचा वास आठवायचा. कात्री चालवून चालवून उजव्या हाताचं पहिलं बोट शेवटच्या पेरात बाहेर वळलं होतं, ते तर डोळ्यापुढं लख्ख. पण डोळे मिटून तिला समोर उभी केली, की मानेच्या वर कुणी पांढरा हात मारून ठेवल्यासारखं. ओला, ताजा पांढरा रंग. खरवडावा म्हटलं तर नख लागत नव्हतं.

३

रंगाऱ्याला वाचता येतं ते पाटीवरच्या मोठ्या अक्षरांपुरतं. पण फोटो सरकवायला अक्षर कशाला लागतं? रोज तो बायकोचा फोन घेऊन बसायचा. बेडूक, बेडूक, बेडूक. वन्सं समोरनं, वन्सं बाजूनं, मामंजींचं नाक.

एक दिवस अंगठ्याबरोबर दुसरं बोट लागलं आणि फोटो फुगला. फुगला तो थेट वन्संच्या डोळ्यात जाऊन थांबला.

सोनेरी डोळा, मधे आडवी काळी फट. त्या काळ्या फटीत आभाळाचा एक तुकडा. त्याखाली अंगणाची भिंत, कपड्याची दोरी. आणि दोरीखाली उकिडवं बसलेलं, दोन्ही कोपरं बाहेर काढलेलं एवढंसं माणूस.

तसं कोपरं काढून एकच बाई बसायची. अंगात तिचा तो हिरवा स्वेटर, मोठ्या खिशाचा.

मग काय! भुकेल्यासारखा तो एकेक डोळा उघडत सुटला. प्रत्येक बेडकाच्या डोळ्यात ती होती. एवढीशी, तिळाएवढी, पण होती. फक्त तोंडापुढं प्रत्येक वेळी फोन धरलेला. फोटो काढणाऱ्याचं तोंड फोनच्या मागंच असणार, दुसरं काय होणार?

तिनं काढलेला अगदी शेवटचा फोटो त्यानं फुगवला. ती बसलेली होती. तिच्या पाठीमागं कुणीतरी उभं होतं. त्याचा हात तिच्या डोक्यावर उचललेला, दोन बोटं ताठ.

थोड्या वेळानं त्याला त्या माणसाचं चमकणारं टक्कल दिसलं.

तो स्वतःच होता. मागनं चोरपावलांनी येऊन तिच्या डोक्यावर शिंगं काढत होता. तिला पत्ताही नव्हता. आणि तो विसरूनही गेला होता.

रंगारी मोठ्यानं हसला. रिकाम्या खोलीत ते हसणं इतकं वाईट वाजलं, की त्यानं तोंडावर हात दाबला, आणि मग हाताच्या आतच रडला.

४

तेव्हापासून तो स्वतः फोटो काढायला लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिच्या जागी बसायचं, तिच्यासारखी कोपरं काढायची, वन्संना म्हणायचं, "ताई, जरा इकडं बघा." फोटो काढला की तिथंच डोळा फुगवून बघायचं. त्यात टकल्या म्हातारा दिसायचा. बरं वाटायचं. तिनं जिथनं बघितलं तिथनंच आपण बघतोय, असं.

एका संध्याकाळी म्हाताऱ्याच्या मागं दुसरं कुणी दिसलं.

लांब, दोरीपाशी. उभं. हिरवं. खांदे होते, बाह्या होत्या, खाली लोंबणारा खिसा होता. वर काही नव्हतं.

रंगाऱ्यानं गर्रकन मान वळवली. दोरीवर बायकोचा हिरवा स्वेटर वाळत होता. कपाटात कुबट वास यायला लागला म्हणून त्यानंच सकाळी टाकला होता.

"अरे गाढवा," तो स्वतःला म्हणाला. "दुसऱ्यांना भिववत जन्म गेला, आता स्वेटरला भितोस?"

स्वेटर काढला, घडी केली, मशीनवर ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी दोरी मोकळी होती. आधी तेच बघून घेतलं, मगच तो बसला. नळ थेंब थेंब गळत होता. आज वन्सं, मामंजी आणि चक्क धाकटे भावजीसुद्धा हजर. त्यानं फोटो काढला आणि डोळा फुगवला.

म्हातारा बसलेला होता. आणि मागं ते उभं होतं. दोरीपाशी नव्हे. दोरीच्या अलीकडं.

तो उठला. गुडघे कटकन वाजले. मागं कुणी नव्हतं. घरात जाऊन बघितलं, तर स्वेटर मशीनवर, घडी तशीच. भिंतीवरची ओल असेल. फोनची काच तेलकट असेल. म्हातारपणी डोळ्यात पडदे येतात, ते असतील. रंगाऱ्याकडं कारणांची कमी नव्हती. एकेक कारण तो भिंतीवर रंगाचा हात मारावा तसा मारत गेला, आणि प्रत्येक हाताखालनं तो हिरवा रंग पुन्हा वर येत गेला.

पण खरं सांगू? फोन खिशात टाकताना त्याच्या पोटात भीतीच्या शेजारी आणखी एक काहीतरी बसलं होतं. ते म्हणत होतं, उद्या आणखी जवळ येईल. मग चेहरा दिसेल.

५

आणखी दोन संध्याकाळींत ते आणखी जवळ आलं, तेव्हा तो फोन घेऊन निघाला. कोपऱ्यावर फोन दुरुस्तीचं दुकान. तिथला पोरगा... पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप, पण रंगाऱ्याला सगळेच पोरगे. फोनवाल्यानं म्हाताऱ्याला येताना बघून आधी खुर्चीखाली हात फिरवला.

"काही ठेवलं नाही रे आज," रंगारी म्हणाला.

"मागच्या वेळी ड्रॉवरात रबरी पाल ठेवली होतीत तुम्ही, काका. गिऱ्हाईक किंचाळत बाहेर पळालं."

"ते सोड. हे जरा मोठं करून दे. तुझ्या त्या मोठ्या पडद्यावर."

फोनवाल्यानं वायर जोडली. बेडकाचा डोळा पडद्यावर ताटाएवढा झाला. त्यानं मान पुढं केली.

"दोन माणसं आहेत. हे बसलेले तुम्ही. टक्कल चमकतंय. मागं कोण बाई आहे?"

"बाईच आहे ना? तुलापण दिसते?"

"दिसते म्हणजे? ही काय, स्वेटर घालून. वाकलीये थोडी तुमच्यावर." मग त्याचा आवाज जरा उतरला. "डोकं नाही आलं तिचं."

"फोटोत कापलं गेलं असेल," रंगारी पटकन म्हणाला. "आमच्याकडं तसंच येतं नेहमी."

"कापलं कसं जाईल? डोळा आहे हा, काका, गोल. ह्यात सगळंच येतं. हे बघा, तिच्या वर भिंत आलीये, भिंतीच्या वर आभाळ आलंय." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, खांद्यांच्या वर, जिथं मागची भिंत सरळ, स्वच्छ दिसत होती. "मग डोकं कुठं गेलं?"

बाहेर एक स्कूटर चालू होईना, कुणीतरी लाथा मारत होतं.

फोनवाल्यानं वायर काढली. "चांगलं जमलंय. कुणाकडनं करून घेतलंत? पण काका, काकूंना जाऊन थोडेच दिवस झालेत. त्यांच्यावरनं नको अशी थट्टा." आणि पैसे न घेता त्यानं फोन परत दिला.

त्या संध्याकाळी रंगाऱ्यानं तोच फोटो लेकीला पाठवला आणि फोन करून सांगितलं, "वन्संच्या डोळ्यात बघ. आई आहे."

लेकीनं बघितलं असावं.

"बाबा, मी चेहरा मागितला होता," ती म्हणाली. "तुम्हाला अजून हसूच सुचतं का हो?"

"अगं, देवाशप्पथ, मी काही..."

"आयुष्यभर तिचं डोकं उडवलंत. आता तरी पुरे करा."

फोन बंद. रंगारी कानाशी धरून तसाच उभा. जन्मभर ज्यानं खोटं सांगून लोकांना खरं वाटायला लावलं, त्याला आज एक खरं सांगता येईना.

६

रविवारी लेक येणार होती, त्याला आपल्याकडं घेऊन जायला. घराला कुलूप लावायचं ठरलं होतं. शनिवारी रंगाऱ्यानं दाढी केली. दाढी का केली, तर फोटो काढायचा होता म्हणून.

ऊन भिंतीवरनं उतरलं तसा तो अंगणात गेला. वन्सं नळाखाली होती. मामंजी आज डब्यातनं पूर्ण बाहेर आलेले, पहिल्यांदाच. धाकटे भावजी जागचे हलत नव्हते. तो उकिडवं बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की त्याच्याकडं कुणीच बघत नाही. तिघांचेही डोळे त्याच्या खांद्याच्या वर लागलेले. वन्संनी अंग फुगवलं. साप दिसला की फुगवायची, तसं.

घरात मशीनचं चाक फिरल्यासारखा आवाज आला. एकदाच, अर्धा फेरा. मग काही नाही. नळ गळायचा थांबला होता.

त्यानं वन्संचा फोटो काढला. डोळा फुगवला. बसलेला म्हातारा. त्याच्या अगदी पाठीला लागून ती. हिरवी बाही वर उचललेली, म्हाताऱ्याच्या टकलावर. दोन बोटं ताठ. त्यातलं एक शेवटच्या पेरात बाहेर वळलेलं.

रंगाऱ्याच्या मानेवर कुणीतरी हळूच श्वास सोडावा तसं झालं. तेलाचा वास आला. मशीनच्या तेलाचा.

वळलं की झालं. मान एवढीशी फिरवली की झालं. पण त्याची मान फिरेना. ती नसेल, ही भीती नव्हती. ती असेल, आणि त्यानं आजवर काढली तशीच असेल, गळ्यापर्यंतच, ही होती. तिला तसं त्यानंच करून ठेवलं होतं ना. फोटो काढ काढ काढून.

"शिंपीणबाई," तो पुढं बघतच म्हणाला. "हलू नकोस हं."

फोनची पुढची काच, स्वतःचाच फोटो निघतो ती, कशी चालू करायची ते लेकीनं शिकवलं होतं. त्यानं ती चालू केली, डोळे गच्च मिटले, दोन्ही हातांत फोन घट्ट धरला आणि समोर धरून वर नेला. आणखी वर. खांद्यांच्या वर, तिची उंची आठवून, त्याच्याही वर आभाळाला चांगली जागा ठेवून. उभ्या जन्मात त्यानं इतका नीट फोटो धरला नव्हता.

"डोक्यासकट काढतो बघ. अगदी डोक्यासकट."

अंगठ्यानं दाबलं. कानाशी कुणीतरी हसलं. पोट धरून हसताना आधी जो दाबलेला श्वास सुटतो ना, नाकातनं, तेवढंच.

डोळे उघडले तेव्हा नळ पुन्हा गळत होता आणि वन्सं माशी गिळत होती.

७

लेक रविवारी आली ती तोंड पाडून. बॅग दारातच ठेवली. रंगाऱ्यानं काही न बोलता फोन तिच्या हातात दिला.

फोटोत सगळं जागच्या जागी होतं. खाली तिचा बाप, दाढी केलेला, डोळे मिटलेले, गालावर ओल. दोन्ही हात समोर ताणलेले, दोन्ही कोपरं दिसत होती. त्याच्या मागं हिरवा स्वेटर, त्याचा गळा, गळ्याच्या वर मान. वर भरपूर आभाळ. आणि नेमकं जिथं चेहरा यायचा, तिथं काचेवर बोट आलेलं. धुरकट, लालसर, तेवढाच भाग झाकणारं.

"पुन्हा तेच," लेक म्हणाली. "पुन्हा बोट." तिचे डोळे भरले. "बाबा, एवढा नीट फोटो आणि त्यावर तुम्ही पुन्हा..."

मग ती थांबली. बापाचे दोन्ही हात तिनं पुन्हा बघितले. दोन्ही गुंतलेले.

"हे बोट कुणाचं?"

"नीट बघ," रंगारी म्हणाला. "ओळखशील."

लेकीनं बघितलं. बोट शेवटच्या पेरात बाहेर वळलेलं होतं. लहानपणी तेच धरून ती चालायला शिकली होती.

ती तिथंच दारात बॅगेला टेकून बसली. बॅगेच्या दुसऱ्या बाजूला रंगारी बसला.

"मी म्हणायचो ना तिला, पुढच्या वेळी नक्की," रंगारी म्हणाला. "तिनं तेच सांगितलं मला. दुसरं काही नाही."

लेकीनं तो फोटो मोठा करून आणला आणि मशीनच्या वर लावला. येणारे-जाणारे विचारतात, हे तोंडावर लाल काय आलंय? लेक आलेली असली तर म्हणते, आईच आहे. त्यापुढं कुणी विचारत नाही.

कुलूप लावायचं राहिलं. रंगारी कुठं गेला नाही. अजून संध्याकाळ झाली की तो फोन घेऊन, गुडघ्यांना शिव्या घालत नळापाशी जातो. फक्त उकिडवं बसताना आता थोडा पुढं सरकून बसतो. मागं जागा लागते.